हिरीआत्याचा लेप

नवलाख उंबरे, रविवार

ती. हिरीआत्यास करणचा नमस्कार.

आबांच्या जबड्याची गाठ तुमच्या पाल्याच्या लेपाने विरघळली, असे तुम्ही सगळ्यांना सांगता. मी ऐकून गप्प बसलो. आता बसवत नाही.

तुम्ही बजावले होते, "हत्यार लावू नगं रं, क्यान्सर आंगभर पसरंल." तरी मी आबांना "दाढेचे मूळ राहिले आहे" असे खोटे सांगून गाठीचा तुकडा तपासायला दिला. सही मी केली. रिपोर्ट अकरा वेळा वाचला. तो कॅन्सर नव्हताच. काढलेल्या दाढेच्या जागेतून जंतू जबड्यात शिरले होते. आबा ताकदीच्या म्हणून घेतात त्या गोळ्या जंतू मारायच्या आहेत. अजून चार महिने घ्यायच्या आहेत.

काल तुमच्या शेजारच्या लीलाबाई फोनवर म्हणाल्या, "तुजा बा बरा झाला नव्हं? मंग मी कशाला कापून घ्यू? हिरीचा लेप हाय की." आत्या, त्यांच्याही गाठीचा तुकडा तपासला आहे. तो कॅन्सरच आहे. बुधवारी ऑपरेशन आहे.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही, आणि कुणी वाचून दाखवेपर्यंत बुधवार निघून जाईल. सांगताना काही राहू नये म्हणून लिहून काढले. उद्या सकाळी आबांना सगळे सांगतो आणि त्यांना घेऊनच येतो. आधी मला मारा, मग लीलाबाईंकडे चला. माझे त्या ऐकणार नाहीत. आबांची गाठ लेपाने गेली नाही, हे तुम्हीच त्यांना सांगायला हवे.

तुमचा खोटे बोललेला भाचा,
करण