तिकीटवालीचा आवाज

३ मार्च
कॉम्प्युटर गेमवाल्यांनी शब्द फिरवला! दुकान उघडायच्या आत मुलीचा फोन — "बाबा, आईला सांगू नका. आधी पैसे भरणाऱ्यांचे आवाज काढून टाकलेत. सगळी पात्रं आता नट-नट्यांच्या आवाजात बोलणार."

तीन वर्षं! गेमचं नुसतं चित्र होतं तेव्हा पैसे भरले आम्ही. तेव्हा काय गोड बोलले — तुम्ही आमच्या घरचेच, गेममधल्या गावातलं एक पात्र तुमच्या आवाजात बोलेल! हिला बंदरावरची तिकीटवाली मिळाली. घशाच्या ऑपरेशनच्या आठ दिवस आधी दुकानातच रेकॉर्डिंग केलं. वीस वाक्यं. "चला चला, बोट कुणाच्या बापासाठी थांबत नाही!" — यावर तर भांडण लागलं समजून शेजारचा शिंपी कात्री घेऊन दारात आला.

ऑपरेशनमधून ही वाचली. आवाज गेला. आता पाटीवर लिहून भांडते.

४ मार्च
पाटीवर — "गेम कधी?" लवकरच, म्हणालो.

६ मार्च
मेहुण्याच्या कानावर गेलंच. "भावोजी, माईक-स्पीकरच्या धंद्यात केस पिकले तुमचे, एक कॉपी ठेवता आली नाही?"

काय सांगू! रेकॉर्डिंग गिऱ्हाइकाला पोचलं की मेमरी कार्ड पुसायचं. मी दुसऱ्याच्या दुकानात खोकी उचलायचो तेव्हापासूनची शिस्त. गिऱ्हाइकाचा आवाज आपल्याकडे ठेवायचा नाही. बायकोचाही पुसला. सवयीनं!

९ मार्च
हिचं रेकॉर्डिंग परत मागायला कंपनीत फोन लावला. एक बाई — "सर, तुमची नाराजी आम्ही समजू शकतो." तिच्या आवाजामागे खोली घुमत होती. कपाटं-पडदे निघाल्याशिवाय खोली अशी घुमत नाही. विचारलं, "सामान कधी हलवलं, ताई?"

तेव्हा खरं बोलली. शुक्रवारी कंपनीला टाळं. "साउंडवाल्यांना विचारते, काका. पण वचन देत नाही."

"नकाच देऊ. तुमची वचनं ठेवायला जागा नाही माझ्याकडे."

हसली. हसता हसता नाक ओढलं. तिचीही नोकरी गेलेली — उगाच बोललो.

११ मार्च
हिनं माझे चांगले हेडफोन पुसून ठेवलेत. पाटीवर — "आधी मी ऐकणार." मग ते पुसून, बारीक अक्षरात — "मनातल्या मनात बोलते तेव्हाही आता माझा आवाज येत नाही. कसा होता विसरले."

मी माडीवर जाऊन उगाच वायरी गुंडाळत बसलो.

१४ मार्च
हिचे आवाज आले! साउंडवाल्या भल्या माणसानं घरून पाठवले. वीसच्या वीस!

दुकानाचं दार लावून ऐकले. काचेसारखे स्वच्छ. असणारच — मीच बसून साफ केले होते, कंपनीपुढे नाक वर राहावं म्हणून. खोकला काढला, धाप काढली. प्रत्येक वाक्याआधीचं तिचं "अगं बाई" काढलं. मध्येच फुटलेलं हसू काढलं. आवाजातली खरखरसुद्धा घासून टाकली होती.

तीनदा ऐकलं. घरी लगेच गेलो नाही.

१५ मार्च
काही न बोलता हिच्या कानाला हेडफोन लावले. डोळे मिटून सगळं ऐकलं हिनं. पुन्हा ऐकलं. मग पाटी ओढली —

"छान बोलते. पण ही मी नाही. नटी घेतली ना मेल्यांनी?"

मी हो म्हणालो.