सासूची उशी

जळकोट, बुधवार, दिवेलागणीला

अंगाची आग आग व्हायली, म्हणून लिहायले.

सासू जाऊन महिना झाला. आज मोठ्या जाऊबाईंनी तिची खोली झाडली आणि नाकाला पदर लावून तिची उशी उकिरड्यावर फेकली. "लई वास मारायलाय," म्हणे. कापूस कामाला येईल म्हणून मी ती उचलली, तर हाताला गोल, कडक लागलं. खोळ एका जागी विरून जाळीदार झाली होती, त्यातून दिसलं. आत काळा पडलेला चांदीचा रुपया, चारमिनारवाला, निजामाच्या वेळचा. आणि त्याच्यामागं आणखी.

घरातून गायब झालेले तेच रुपये! ह्या रुपयांपायी सासू मरेपर्यंत मला चोरटी म्हणाली. सगळ्यांसमोर माझी ट्रंक उपसली, तेव्हा जाऊबाई दारात उभ्या राहून हसत होत्या. आणि म्हातारी त्याच रुपयांवर डोकं ठेवून झोपत होती! विसरली होती? का मुद्दाम? आता विचारू कुणाला?

मी दाखवले तर जाऊबाई म्हणणार, "बघा, हिच्याकडंच निघाले." सगळे मान डोलावणार. आमचे हेसुद्धा.

पण उशीची शिवण सासूच्या हातची आहे. काळा दोरा, दुहेरी टाका. तसा टाका घरात दुसरं कुणी घालत नाही. मी एकही उसवला नाही.

उशी परत उकिरड्यावर ठेवली आणि दारात राखण करत बसलेय. कुत्रं आलं की हाकलायले. सगळे जेवायला आले की तिथं उभे करणार आणि जाऊबाईंच्या हातात कात्री देणार.

तुम्ही फेकली, तुम्हीच उसवा. पण आधी टाका कुणाचा हाय, ते मोठ्यानं सांगा.