वहीतलं पाचवं माप

दि. ४

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

तुमच्या निवृत्तीची पार्टी फारच छान झाली असावी. मला पहिल्या दोन ग्लासांपर्यंतचीच आठवते. सकाळी उठलो तो गळ्यात टेप आणि उशाशी दुकानातली मापांची वही. वहीत माझ्याच अक्षरात पाच नवी गिऱ्हाइकं, नाव कुणाचंच नाही, आणि प्रत्येकापुढे ‘शनिवारी नक्की’. इतक्या वर्षांच्या शिंपीकामात मी शनिवारी कुणाला काही दिलेलं नाही. चौथ्याची तर छाती अठरा, आणि पुढे शेरा, की श्वास घेत नाही, स्वभाव ताठ. हा कोण?

पाचव्याला मात्र लगेच ओळखलं. छाती चाळीस, कंबर अडतीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता. दादाच! वडिलांच्या कात्रीवरून आमचं बोलणं तुटलं त्याला नऊ वर्षं झाली. मी त्याच्या घरी जाऊन काय बोललो? माफी मागितली असेल तर आजच कोट कापायला घेतो. भांडलो असेन, तर होती नव्हती ती आशाही गेली. खरं ते लिहा.

शिव्या घाला, पण लोभ असू द्या.
आपला मेहुणा

दि. ९

चि. शिंपीबुवांस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी ताई आधी पोट धरून हसली, मग तिने मला उपाशी ठेवलं. पहिला वेटर, दुसरा त्याचा मालक, तिसरा गस्तीचा हवालदार. त्याने तुला हात वर करायला सांगितलं; तू म्हणालास, आधी तुम्ही करा, बगलेतून टेप जात नाही. चौथा विजेचा खांब. त्याला तू श्वास सोडायच्या विनवण्या करत होतास.

दादाच्या दारापर्यंत तुला मीच नेलं, कबूल. पण दार उघडलं आणि मी पायरीवरच झोपलो. आतून तुझं रडणं ऐकू येत होतं की ओरडणं, देव जाणे. तुझ्या बाबतीत फरक कळत नाही. ताई म्हणते, आपण मध्ये पडायचं नाही. म्हणून तिने फक्त दादाला पत्र टाकलंय.

माझ्यावरचा लोभ ताईपासून लपवून ठेव.
तुझा भावोजी

दि. १४

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईचं पत्र मिळालं. तीन गल्ल्यांवर राहून पोस्टाने लिहितोय, कारण तोंडाने बोलायची सवय गेली.

तू भांडला नाहीस, आणि माफीही मागितली नाहीस. वडिलांच्या कात्रीला मी धार लावली नाही म्हणून मला झापलंस, पायजम्यावर उभं केलंस आणि पोट आत ओढू नको म्हणून दटावलंस. मी ओढलं नव्हतं रे. टेप तेहतीस दाखवत होती आणि तू मोठ्याने अडतीस म्हणत लिहून घेत होतास. तीनदा मोजलंस, तिन्ही वेळा नऊ वर्षांपूर्वीचंच अडतीस. गेल्या वर्षी मी चार महिने अंथरुणात होतो, हे तुला कोण सांगणार होतं? त्या रात्री मी चूक दाखवली नाही. दाखवली असती तर कमरेभोवतीचे हात काढून घेतले असतेस.

त्या मापाने कोट कापू नकोस. शुद्धीवर ये, दिवसाउजेडी ये, आणि आता उरलोय तेवढा मोजून घे.

लोभ होताच, सांगायचा राहिला.
तुझा दादा