वैभवीला भाऊ कधी?

तीर्थरूप आईस बोईसरहून प्रतीक्षाचा नमस्कार.

माझ्या वैभवीला भाऊ कधी, असे तू पुन्हा विचारलेस. क्रमाने सांगते. जपानमध्ये मुले कमी जन्मतात, म्हणून तिथल्या कंपनीने तरुण कामगारांसाठी इथे आमच्या कारखान्यात पैसा गुंतवला. आम्हा मुलींना पगार मिळाला, लग्ने लांबली आणि इथलेही पाळणे कमी झाले. एका कडीतून दुसरी कशी निघते, बघ!

जेवणाच्या सुट्टीत हे सांगितले, तर माझ्यासोबत काम करणारी दांडी गावची नर्मदा मला चिडवत म्हणाली, "मास्तरीणबाई, आमी सात भावंडं. मला येकच पोर हाय, तर त्याला बगायला कोण नाय!"

आमचे उत्तम चालले आहे. तुझे गुडघे कसे आहेत? पैशाची चिंता नाही, पण मी शिफ्टवर असताना बाळाजवळ घरचे कोणी हवे. तू इथे राहायला येशील का? आलीस, तर दुसऱ्याला माझा होकार आहे.

तुझी,
प्रतीक्षा