तापवलेले टायर

एकोडी, रविवार

प्रिय तृप्ती,

पुण्याची खोली हवेशीर आहे, असं तुझी आई सांगत होती. इकडे धानाची रोवणी आटोपली. मी बांधावर जातो, बसतो आणि परत येतो. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर आराम करीन म्हणायचो. आता आरामाचाच थकवा येतो.

नागपूरजवळच्या त्या छोट्या रेसगाड्यांच्या कार्टिंग शर्यतीबद्दल तू घरात बोलत नाहीस, मीही नाही. लागोपाठ दोन शर्यतींत तू अर्ध्या सेकंदाने मागे राहिलीस. तिसऱ्या वेळी आयोजकांनी नंबर टाकून दिलेले टायर आठवडाभर आपल्याच घरी होते. त्यांना रसायन लावायचं नाही, उष्णता द्यायची नाही, हा नियम तूच मला वाचून दाखवला होतास.

शर्यत तू जिंकलीस. मग तपासनिसाने रबरात सुईचं मापक रोवलं. तुझे टायर त्यांच्याकडच्या नमुन्यापेक्षा फार नरम निघाले. तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "बाबा, तुमी काही लावलं का टायरले?" मी म्हणालो, "नाही वं बेटा." त्या एका शब्दावर, घरी टायरला कोणी काही लावलं नाही, अशी तू समितीपुढे शपथ घेतलीस. तुझ्यावर वर्षभराची बंदी आली. मग संशय घ्यायला राहिला कोण, तर तुझा मेकॅनिक निकेश. चार वर्षांची सोबत तू त्याच दिवशी तोडलीस. मी शेजारी उभा होतो.

तृप्ती, ते मी केलं. तू भंडाऱ्याला गेली होतीस त्या दुपारी टायरला रबर नरम करणारं द्रावण चोळलं, ते घोंगडीत गुंडाळले आणि पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून तापवले. रबर तापलं की द्रावण आत मुरतं, आणि नरम टायर रस्ता जास्त घट्ट धरतो. तीस वर्षं भट्टीजवळ काढली, तेवढं मला कळतं. तुझा अर्धा सेकंद भरून काढू, एवढंच डोक्यात होतं.

परवा भंडाऱ्यात निकेश दिसला, पंक्चरच्या दुकानात बसलेला. त्याने चहा मागवला. मी सांगायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "मले माहीत हाय, काका. तुमच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यालेच त्या द्रावणाचा वास होता." तुला काहून नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्याने पान्हा पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "मेकॅनिक तिले दुसरा भेटते, बाप नाही."

काल नागपूरला जाऊन समितीला सगळं लिहून दिलं. निकेशवर त्यांनी ठेवलेला ठपका काढला. तुझी बंदी मात्र कायम आहे. टायर कोणीही बिघडवो, जबाब चालवणाऱ्यानेच द्यायचा, असा त्यांचा नियम. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा नाही म्हणालो असतो, म्हणून हे पत्र. माझ्याशी बोलावंसं वाटेल तेव्हा बोल, घाई नाही. निकेशला मात्र हे पत्र मिळेल त्याच दिवशी फोन कर. त्याचं दुकान आठला बंद होतं.

खोटं बोललेला, तरी तुझाच,
बाबा