काकू तुझ्या मशीनसाठी थांबलीय

मानवत

चि. ईश्वरीस,

धोंडप्पा काकाचा आशीर्वाद. तिकडं इंदूरला तू वेळेवर जेवत असशील, असं समजून चालतो. इकडचं विचारशील तर माझी तब्येत ठणठणीत आहे, पण मी पार बेजार झालोय. फोनवर हे बोलता आलं नसतं, कारण फोन लावला की तुझी सिद्धम्मा काकू शेजारी कान देऊन बसते.

काकूच्या गळ्यात गाठ निघाली, हे तुला ठाऊकच आहे. परभणीचे डॉक्टर म्हणाले, गाठ लहान आहे, आत्ताच नांदेडला जाऊन शेक (म्हणजे किरणांचा इलाज) घेतला तर बरी होईल. काकू घाबरली. तिला धीर द्यावा म्हणून परभणीहून परतताना एसटीत मी तुझ्या कामाची गोष्ट काढली, अन् तिथंच सगळा घोळ झाला. तू दिवाळीत सांगितलंस तसंच सांगितलं. केसाहून कितीतरी पातळ पत्र्यावर लेझरचा झटका मारायचा, त्यातून आयन नावाचे बारीक कण सुसाट सुटतात, अन् त्यांची ऊर्जा नेमकी ठेवता आली तर ते अंगात शिरून बरोबर गाठीपाशीच थांबतात, आजूबाजूला फारसा धक्का नाही. (सगळी एसटी ऐकायला लागली. कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवली. मग मलाही चेव आला, खोटं कशाला बोलू?)

"मग मी शेक कशाला घेऊ?" काकू म्हणाली. "आपल्या पोरीची मशीन येऊ द्या. मी थांबते."

तेव्हापासून ती थांबलीय. मी खुलासे करून करून थकलो. म्हटलं, अगं, ते आयन अजून सारख्या ऊर्जेचे निघत नाहीत, काही जोरात पळतात, काही मागं रेंगाळतात. त्यांना वळण लावण्यातच पोरीची वर्षं चाललीत.

"लावंल की," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा तर लवकर वळणावर येतील."

डॉक्टरांनाही तिनं सांगून टाकलं, "तुमची मशीन ऱ्हाऊ द्या, आमची यायलीय." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं. त्यात शेजारचा बन्सीधर रोज येऊन त्याच्या मूतखड्याला ही मशीन चालंल का विचारतो, अन् समोरच्या कडूबाईला ती मोतीबिंदूसाठी पाहिजे. (मी दाराला आतून कडी लावून बसतो.) कुणाकुणाला समजावू? इकडं गाठ वाढत असंल, या धास्तीनं मला घास गिळवत नाही.

असो. उन्हात फिरू नकोस.

तुझा,
धोंडप्पा काका

ता. क. खरं काम असं आहे. तू काकूला चार ओळी लिही, की मशीन बंद पडली, तुझं काम फसलं, आता काही होणार नाही. खोटं असलं तरी चालंल.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करायच्या आत काकूनं पत्र हातातून ओढून वाचलं. लय भडकली. "पोरीनं सवताच्या हातानं असलं लिवायचं? काम फसलं म्हणून? त्यापरीस मी शेक घेते." आता ती पिशवी भरायलीय, उद्या सकाळी आमी नांदेडला निघतोय. तेव्हा तू काही लिहू नकोस. काकूचा निरोप तेवढा घे: "तिला म्हणावं, सावकाश कर. माझ्यापायी घाई नको."