शेवटची शर्यत, वर्ष पहिलं

१ मार्च, शुक्रवार
मोसम तोंडावर आला. यंदाचा संकल्प: दर गुरुवारी दोन हजार प्रेक्षक. गेल्या वर्षीची सरासरी चारशे दहा होती, पण त्यात पावसाचे गुरुवार धरले आहेत, म्हणजे ती खरी सरासरी नव्हेच. दुसरा संकल्प: सॉसेज रोल खाणं बंद. तिसरा: वॉलीशी वाद नाही. वॉली म्हणजे आमचा ट्रॅक राखणारा, वय चौऱ्याहत्तर, बाबांच्या वेळचा. मी साठीला आलो तरी मला पोरगाच समजतो.

स्पीडवे मरायला टेकला आहे असं म्हणणाऱ्यांना स्पीडवे कळलेलाच नाही. चार स्वार, चार फेऱ्या, एक मिनिट. लाल मातीवर आडव्या घसरत जाणाऱ्या बिनब्रेकच्या मोटारसायकली. यात न आवडण्यासारखं काय आहे? लोरेन म्हणते, गाड्यांना ब्रेक नसतात हे समजू शकते, तुला का नाहीत? बायकोला धंद्यातलं कळत नाही. (ती तीस वर्षं अकाउंटंट आहे.)

बाबांनी हा ट्रॅक चाळीस वर्षं चालवला. संघाचं नाव फेनबरी हेरन्स. स्वारांच्या छातीवर बगळा. जमीन गॅदरकोलांची. म्हाताऱ्या गॅदरकोलने बाबांना शब्द दिला होता, आणि तो कागदावरही आहे: शर्यती बंद केल्या असं थर्केटल (म्हणजे आम्ही) स्वतः जाहीर करत नाहीत तोवर जागा त्यांची, नाममात्र भाड्यात. तर मी ते जन्मात जाहीर करणार नाही. शिवाय तिसऱ्या वळणावर बाबांची राख आहे. त्यांचीच इच्छा होती. वॉलीने ती ट्रॅक्टरने मातीत नीट कालवली. बाबा तिथे आहेत तोवर हेरन्सला मरण नाही.

२८ मार्च, गुरुवार
पहिला सामना. हवामानाचा अंदाज: कोरडं. वॉली म्हणाला, पोरा, माझा गुडघा ठणकतोय, म्हणजे पाऊस येणार, आज पाणी मारू नकोस. गुडघ्यावर धंदा चालत नाही. माती सुकली की धूळ उडते, आणि पलीकडच्या नव्या वसाहतीतले लोक वाळत घातलेल्या चादरींची तक्रार घेऊन येतात. दोन टँकर मारायला लावले.

सव्वासातला पाऊस. रेफरी बुटाने माती दाबत दाबत फिरला. एक बूट तिथेच राहिला. सामना रद्द, सगळ्यांना पुढचं तिकीट फुकट. तीनशे ऐंशी लोक होते. घरी मात्र कुणी जाईना, छत्र्या उघडून चिप्स संपवत बसले. मिसेस पिंचबेक १९७१ पासून येतात आणि प्रत्येक शर्यतीचा निकाल आपल्या कार्यक्रमपत्रिकेत पेनाने भरतात. आज त्यांनी पंधराच्या पंधरा रकान्यांत 'पाऊस' असं लिहिलं. सुबक अक्षरात.

निष्ठा म्हणतात ती हीच. तीन सॉसेज रोल खाल्ले, वाया गेले असते.

१८ एप्रिल, गुरुवार
तरुणांशिवाय भविष्य नाही. म्हणून डीजे, रंगीत धूर, आणि बगळ्याच्या वेषातला माणूस. आमच्याकडे अँब्युलन्सवाले स्वारांकडे कमी आणि प्रेक्षकांकडे जास्त बघतात, हे चित्र बदलायलाच हवं.

मिसेस पिंचबेक म्हणाल्या, रॉडनी, ते गाणं बंद कर रे, इंजिनं ऐकू येत नाहीत. डीजे रागावून लवकर गेला. बगळ्याला धुराने खोकला लागला, त्याला अँब्युलन्सवाल्यांनी तपासलं.

पण प्रेक्षकांचं सरासरी वय एका वर्षाने उतरलं! वॉली म्हणाला, उतरणारच, गेल्या आठवड्यात म्हातारा आल्फ आणि त्याचा भाऊ दोघंही गेले ना. असो. आकडा तो आकडा.

१६ मे, गुरुवार
आमचा कप्तान टायसन ऑस्ट्रेलियन आहे, राहतो इंग्लंडात आणि पैसे कमावतो पोलंडात. आज दुपारी फोन आला, की बॉस, पोलंडवाल्यांनी सरावाला बोलावलंय, येता येत नाही, वाईट वाटून घेऊ नका. मी म्हटलं, मुळीच नाही. नियमाप्रमाणे दुसऱ्या क्लबचा स्वार एका दिवसापुरता उसना आणता येतो. सॉल्टमियरचा एक डॅनिश आणला. पंधरा गुण! आमच्या बाकी सगळ्यांचे मिळून सतरा.

पुढच्या गुरुवारी सॉल्टमियरशीच सामना आहे. म्हणजे तो येणार, पण समोरून. या मोसमातला आमचा सगळ्यात यशस्वी खेळाडू हा आमचा नाही, ही गोष्ट पत्रकात न लिहिणं बरं.

प्रेक्षक ३४०. पण जोशात.

१५ जून, शनिवार
सॉल्टमियर बंद पडलं. जागेवर घरं होणार. त्यांच्या शेवटच्या सामन्याला सहानुभूती म्हणून गेलो, आणि गेटवरच थबकलो. दोन तासांची रांग! चार हजारांवर माणसं. वीस वीस वर्षं न फिरकलेली. बाप्ये हुंदके देतायत, बायका त्यांना रुमाल देतायत. इंजिनात जळणाऱ्या एरंडेलाचा वास लोक डोळे मिटून नाकात भरून घेतायत. हेच एरंडेल चमचाभर पोटात घ्या म्हटलं असतं तर गावभर पळाले असते.

मोटारीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. लोकांना शर्यत नको आहे. लोकांना निरोप द्यायचा आहे. हे इतक्या वर्षांत कुणालाच कसं कळलं नाही?

९ जुलै, मंगळवार
नवी फाइल उघडली. नाव: 'शेवटची शर्यत, वर्ष पहिलं'. ३ ऑक्टोबरला हेरन्सचा अखेरचा सामना जाहीर करायचा. तिकीट दुप्पट. मैदान फुल्ल. पंधरावी शर्यत संपली की मी माइकवर: मित्रहो, तुमच्या प्रेमाने हेरन्स वाचले! टाळ्या, अश्रू, पुढच्या मोसमाचे पास तिथल्या तिथे विक्रीला. मग दोन-तीन वर्षांनी पुन्हा.

लोरेनला सांगितलं. तिने भांडं विसळायचं थांबवलं आणि म्हणाली, रॉडनी, गॅदरकोलांच्या कागदात काय लिहिलंय ते आठवतंय ना? मी म्हटलं, अगं, ते खरोखर बंद करण्याबद्दल आहे. हे मार्केटिंग आहे. ती म्हणाली, आणि तिथे तुझे बाबा आहेत. मी म्हटलं, बाबांना ही आयडिया आवडली असती. तिने भांडं पुन्हा विसळायला घेतलं. पटलं असावं.

वॉलीला मुद्दाम सांगितलं नाही. त्याला नाटक जमत नाही. त्याचं दुःख खरं दिसलं पाहिजे.

१९ जुलै, शुक्रवार
गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर! माझा फोटो (हनुवटी बरी आली आहे) आणि खाली माझ्या सहीचं निवेदन: 'जड अंतःकरणाने जाहीर करतो, की ३ ऑक्टोबरनंतर फेनबरीत शर्यती होणार नाहीत.' दुपारपर्यंत नऊशे तिकिटं.

वॉली अंक घेऊन आला. उभाच राहिला. म्हणाला, निदान मला आधी सांगायचंस, पोरा. मग ट्रॅक्टर काढून गेला, आज सामना नसताना. अभिनय उत्तम. म्हणजे, अभिनय नव्हताच. तेच तर हवं होतं. तरी चहा मी सिंकमध्ये ओतला.

६ ऑगस्ट, मंगळवार
तिकिटं ३,१००. शोकपत्रांचा ढीग. ती वाचायची नाहीत असं ठरवलं आहे, माणूस खचतो. सगळी बिस्किटांच्या डब्याखाली. एक जाड, क्रीम रंगाचं, वकिलाच्या शिक्क्याचं आहे. वकीलही आमचे चाहते आहेत, हे ऐकून बाबांना बरं वाटलं असतं.

लोरेन म्हणाली, ते तरी उघड. म्हटलं, ४ ऑक्टोबरला सगळी एकदम.

३ ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी ४
आभाळ स्वच्छ. वॉलीचा गुडघा गप्प. त्याने ट्रॅक असा राखला आहे, की दहा वर्षांत पाहिला नाही. पहाटेपासून एकटा राबतोय. मिसेस पिंचबेक तीन वाजताच येऊन बसल्या, मांडीवर पर्स आणि पर्समध्ये जॅमची रिकामी बरणी. कशाला, विचारलं, तर म्हणाल्या, असू दे रे. रांगेत बऱ्याच जणांकडे बरण्या, डबे. जेवण आणलं असेल.

भाषण पाठ आहे. इतिहास घडणार.

४ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ
शांतपणे लिहितो.

चार हजार सहाशे लोक. शर्यती अप्रतिम. टायसनसुद्धा पोलंडला नाही म्हणून सांगून आला, आणि शेवटच्या शर्यतीत तिसऱ्या वळणावर बाहेरून दोघांना मागे टाकून जिंकला. अख्खं मैदान उभं. मी माइक हातात घेतला.

पण तोवर लोक कठडा ओलांडून ट्रॅकवर उतरले होते. चमचे, बरण्या, डबे, एकाकडे चक्क फावडं. प्रत्येकाला थोडी माती हवी. मी ओरडलो, हेरन्स वाचले! आवाजच नाही. वर पाहिलं. कर्णे काढून नेलेले. एक म्हातारा बगलेत कर्णा घेऊन निघालाच होता, मला बघून ओशाळला आणि म्हणाला, आठवण म्हणून हो. मी हातवारे करत घसा फोडत राहिलो. लोकांना वाटलं, मी रडतोय. जो येई तो पाठीवर थोपटून जाई. शेवटी शेवटी त्यांचं बरोबरही होतं.

आज सकाळी पाहणी. स्टार्टची फीत नाही, सव्वाशे खुर्च्या नाहीत, पुरुषांच्या संडासाची पाटी नाही. तिसऱ्या वळणावर गुडघाभर खड्डा. सगळ्यात चांगली माती तिथली, म्हणून सगळे तिथेच खणत होते.

वॉलीला सांगितलं, की हे सगळं खोटं होतं, शर्यती बंद नाहीत. तो खड्ड्याकडे बघत होता. म्हणाला, तुझ्या बापाने कानाखाली वाजवली असती. ट्रॅक्टरची किल्ली माझ्या हातात दिली आणि निघून गेला.

क्रीम रंगाचं पाकीट उघडलं. 'आपल्या जाहीर निवेदनाचा आम्ही आदर करतो. कराराप्रमाणे ४ ऑक्टोबरपासून जागा परत.' तिथे गोदामं होणार. घरात न मावणारं सामान लोकांनी ठेवण्यासाठी.

नऊ सॉसेज रोल.

८ ऑक्टोबर, मंगळवार
धाकट्या गॅदरकोलकडे गेलो (धाकटा म्हणजे अठ्ठावन्न). माणूस सभ्य. चहा दिला. म्हटलं, साहेब, गैरसमज झाला, ती निव्वळ जाहिरात होती. तो म्हणाला, म्हणजे शेवटची शर्यत शेवटची नव्हती? म्हटलं, छे हो! तो म्हणाला, मग साडेचार हजार माणसांनी दुप्पट तिकीट कशाचं भरलं? मिस्टर थर्केटल, हेच वाक्य माझ्या वकिलासमोर म्हणाल का? ते शेजारच्या खोलीत आहेत.

चहा संपवला. म्हटलं, नाही, शेवटचीच होती.

त्याने पुन्हा विचारलं, नक्की? नक्की, म्हटलं. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा मी न विचारताच पुन्हा म्हटलं. या खेपेला माझं मलाच ते ऐकू आलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी गोदामवाल्यांचं पहिलं यंत्र आत गेलं. बघायला गेलो नाही. फाइलवरचं 'वर्ष पहिलं' खोडलं.

जेवणानंतर लोरेनने कपाटातून जॅमची बरणी काढून टेबलावर ठेवली. लाल माती, गळ्यापर्यंत भरलेली. चिठ्ठीवर तिच्या अक्षरात: 'तिसरं वळण'. म्हटलं, कधी आणलीस? म्हणाली, जुलैत. तुझा फोटो पेपरात आला त्याच दिवशी. वॉलीने काढून दिली. त्याला जागा नेमकी माहीत होती.

बाबा एवढ्याशा बरणीत. बरणी खिडकीत ठेवली, ऊन येतं तिथे. तासाभराने पाहिलं तर माती वरून सुकलेली. पाण्याचा पेला भरून आणला, मग वॉलीला फोन लावला. वाटलं होतं, उचलणार नाही. विचारलं, बरणीतली माती सुकलीय, पाणी मारू का? तो म्हणाला, नको, पोरा. गुडघा ठणकतोय.

नाही मारलं.